खोडा, पण कारण लिवा

आटपाट जळोची होती. तिथं एक सासू होती, एक सासरा होता आणि एक सून होती. सासू म्हणजे मी, हिराबाई. शाळेची पायरी मी फक्त सारवायला चढले. सासरा म्हणजे माझा नवरा, त्याला सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणते. सून सुनंदा, ती मला आत्या म्हणते. नववीच्या वर्गातनं उचलून तिला आमच्या उंबऱ्यात आणली होती. घरात पूर्वी मेंढरं होती. पुढं ती गेली आणि ऊस आला, म्हशी आल्या.

शेतात रात्रभर मेंढरं बसवली की सकाळी लेंडीखत पडलेलं असतं. कुठल्या मेंढीचं कुठलं, ते कुणी विचारत नाही. पाटी भरायची आणि पुढं चालायचं. चार बाया एका जागी शिकायला बसल्या की किस्स्यांचंही तसंच होतं. शतक संपायला एकदोन वर्षं राहिली होती तेव्हाचे हे किस्से. माझ्याकडं पाटीभर साठलेत, त्यातले मूठभर सांगते.

* * *

आधी हे सगळं कशापायी, ते सांगते.

गावच्या बालवाडीच्या जुन्या बाई पुढच्या वर्षी काम सोडणार होत्या. नवी बाई गावातलीच हवी आणि दहावी पास हवी, असं ठरलं होतं. सुनंदाला पोरांचं वेड. बालवाडी सुटली की निम्मी पोरं घरी जायच्या आधी आमच्या अंगणात यायची. तिनं एक दिवस भाकरी थापता थापता, तव्याकडंच बघत सांगितलं, की मी बाहेरून दहावीचा फॉर्म भरणार. सतरा नंबरचा फॉर्म असतो, शाळेत न जाता परीक्षेला बसता येतं, हेही तिनं काढून ठेवलं होतं. आमचा पोपट, म्हणजे तिचा नवरा, ट्रॅक्टरवर असायचा. तो म्हणाला, आई म्हणंल तसं.

आबा मला म्हणाले, "बाप्ये गचकत्यात धाव्वीला. ही काय करणार?"

मी म्हटलं, "गचकंल. मग परत बसंल. धाव्वी काय जत्रा हाय का, वर्षातनं एकदाच भरायला? मार्चात न्हाय तर ऑक्टोबरात."

सुनंदानं भाकरी उलटली. मागं वळून बघितलं नाही, पण त्या दिवशीच्या भाकरी अशा फुगल्या की काय सांगू.

* * *

बारामतीला कॉलेजात भारती मॅडम कॉम्प्युटर शिकवायच्या. वय असेल तिशीचं, बोलणं मऊ, पण एकदा म्हणाल्या म्हणजे म्हणाल्या. त्यांनी आमच्या दूध डेअरीच्या मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर बसवला, कारण गावात फोन तिथंच होता. दुसरा बसवला भिगवणला, स्टेशनजवळच्या वाचनालयात. तिथंही चार बाया बाहेरून दहावीला बसत होत्या. आमच्याकडं सुनंदा, शेजारची कमल आणि आणखी दोघी.

मॅडमनी एक पान तयार केलं. ते असायचं कॉलेजच्या मशीनमध्ये, पण फोन लावला की दोन्ही गावांना दिसायचं. आम्ही लिहिलेलं भिगवणला, भिगवणनं लिहिलेलं आम्हाला. कुणीही लिहावं, कुणीही दुसरीचं दुरुस्त करावं, कुणीही खोडावं. मॅडम त्याला इंग्रजीत काहीतरी लांबलचक म्हणायच्या. आम्ही त्याला 'फळा' म्हणायला लागलो. एकजण लिहितं, दुसरं पुसतं, तो फळाच की.

सकाळचं दूध गेलं की संध्याकाळचं येईपर्यंत खोली रिकामी असायची. तेवढ्यात शाळा. मी आपली कोपऱ्यात लोकर कातत बसायची. सुनंदाला सोबत हवी, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. खरं तर मला ऐकायचं होतं.

पहिल्या दिवशी मॅडमनी फोन जोडला आणि मशीन किंचाळायला लागलं. कीं कीं कीं, मग खर्रर्र. मी म्हटलं, शेरडाच्या घशात काहीतरी अडकलंय, पाणी पाजा. कमलनं तर हात जोडले.

तेवढ्यात पुढच्या खोलीत डेअरीच्या सेक्रेटरी तात्यांनी पेंडीची चौकशी करायला त्याच लाईनवरचा फोन उचलला. उचलला तसा ठेवला. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या माणसामाणसाला तात्या सांगत होते, "लाईनीवर कोण तरी बाई आक्रोश करतीया. आवाज भिगवणकडचा वाटतोय."

मॅडमनी त्यांना बजावलं, दुपारी वर्ग चालू असताना फोन उचलायचा नाही, उचलला की आमची लाईन तुटते. तात्यांनी मान डोलावली.

* * *

सुनंदानं पहिला धडा लिहिला नद्यांवर. कृष्णा, भीमा, नीरा. कुठं उगवते, कुठं मिळते. एकेक अक्षर शोधून दाबायला दोन दुपारी गेल्या. तिसऱ्या दिवशी डेअरीत भिगवणहून फोन आला. बोलणारी होती शोभा. नवऱ्यामागं ती एकटी मासळीचा धंदा बघायची आणि तिथल्या चौघींची ती पुढारी. तात्यांनी फोन सुनंदाच्या हातात दिला.

"ताई, आमी मासं विकतो, पण म्हणून हे असलं लिवायचं?" शोभा म्हणाली. "वर टोपी, खाली फुली, मधी वाकडीतिकडी किडं. आमाला शिव्या समजत्यात बरं का."

सुनंदा रडकुंडीला आली. नदीत कसली शिवी? मॅडमनी येऊन उलगडा केला. आमच्या मशीनमध्ये मराठी अक्षरांचे ठसे होते, भिगवणच्या मशीनमध्ये ते घालायचेच राहिले होते. त्यामुळं आमची भीमा तिकडं किड्यामुंग्या होऊन पोचत होती. ठसे एका चौकोनी फ्लॉपीत होते, पण मॅडमना आठवडाभर सवड नव्हती.

आठवडा म्हणजे एक धडा गेला. मी म्हटलं, आणा हिकडं, मी जाते.

मॅडमनी फ्लॉपी हातात देताना दहा वेळा सांगितलं. हरवायची नाही, भिजवायची नाही, वाकवायची नाही. एस.टी.त माझी पिशवी दोनदा मारली गेलेली, म्हणून पिशवीत ठेवायला माझं मन घेईना. बघितलं तर फ्लॉपीच्या कोपऱ्याला आयतं भोक. काळा दोरा ओवला आणि गळ्यात बांधली.

एस.टी.त शेजारची बाई माझ्या गळ्याकडं बघत होती. शेवटी तिनं विचारलंच, एवढा मोठा ताईत कुठल्या देवऋषानं दिला? मी म्हटलं, बारामतीच्या. कशावर? मी म्हटलं, "अक्षर नीट दिसंना झालंय, त्यावर."

ती सरकून जवळ आली. म्हणाली, "माझ्या पोराचं बी तेच हाय. पत्ता द्या की."

* * *

भिगवणला शोभा स्टँडवर घ्यायला आली होती. धिप्पाड बाई, हातात सुऱ्याचे वळ. तिनं माझ्या गळ्यातली फ्लॉपी बघितली, मग मला बघितलं आणि विचारलं, "तुमीच का शिव्या देणाऱ्या?"

ठसे मशीनमध्ये बसले. पडद्यावरचे किडे हलले आणि तिथं भीमा आली, नीरा आली. चौघी पडद्याजवळ सरकल्या. मग शोभानं मोठ्यानं वाचलं, नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. वाचून झाल्यावर म्हणाली, हे तर आमाला ठाऊक हाय, नवीन लिवा.

जाताना तिनं पिशवीत चिलापी मासे घातले. नको म्हटलं तरी घातले. पिशवी मी मांडीवर घेतली, फ्लॉपी गळ्यात आणि गळा पिशवीवर वाकलेला. त्यानंतर वर्षभर भारती मॅडम ती फ्लॉपी दोन बोटांत धरायच्या.

* * *

खरं भांडण पुढंच झालं.

निबंध होता 'माझा आवडता प्राणी'. सुनंदानं गाईड समोर ठेवून कुत्र्यावर लिहिलं. कुत्रा इमानी असतो, कुत्रा घराची राखण करतो. दुसऱ्या दिवशी उघडलं तर निबंधाच्या जागी फळा कोरा. शोभानं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं खोडलेलं.

सुनंदा घरी आली, जेवली नाही, पुस्तकं ट्रंकेत घातली. कमलनं मात्र बदला घेतला. तिनं भिगवणचे तीन निबंध एका दमात उडवले. भिगवणनं आमचा इतिहास उडवला. दोन दिवस असा धुमाकूळ चालला की फळ्यावर काही ठरेनाच.

भारती मॅडम आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, खोडायचा हक्क सगळ्यांना आहे, तो मी काढून घेणार नाही. पण जी खोडेल तिनं खाली कारण लिहायचं, आणि कारणाखाली स्वतःचं नाव.

मी कोपऱ्यातनं म्हटलं, "बराबर हाय. खोडणं येगळं आन खोडी काढणं येगळं."

मॅडमचा नियम कमलनं त्याच दिवशी भिंतीवर खडूनं लिहून ठेवला: खोडा, पण कारण लिवा.

मी सुनंदाची पुस्तकं ट्रंकेतनं काढली आणि तिला ओढत डेअरीत आणलं. फळ्यावर शोभाचं कारण आलं होतं. सुनंदानं वाचलं: "कुत्रं गाईडातलं हाय. ताईच्या सासरी मेंढरं हुती असं हिराक्कांनी सांगितलं. गाईडात मेंढरू न्हाय. म्हणून खोडलं. शोभा."

सुनंदानं मग खुर्ची माझ्याकडं फिरवली. म्हणाली, "आत्या, मेंढराचं सांगा."

मी सांगितलं. शंभर कोकरांत मेंढी आपलं कोकरू कशी हुंगून काढते. खूर सडलेलं मेंढरू सगळ्यांच्या मागं कसं राहतं आणि पुढचं थांबलं की ते कसं हळूच गाठतं. कातरलेल्या मेंढीला तिचंच कोकरू क्षणभर कसं ओळखत नाही. सुनंदानं माझी वाक्यं मोडली, जोडली, शुद्ध केली, पण मेंढरू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर खाली एवढंच होतं: "काय बी खोडलं न्हाय. कारण म्हाईत न्हाय. शोभा."

* * *

गणितात 'क्ष' आला आणि सगळं अडलं.

पुस्तकात लिहिलेलं, क्ष मानू. घरी सुनंदा मोठ्यानं घोकत होती, तर आबा अंगणातनं मला म्हणाले, का मानायचं? कोण लागून गेलाय तो?

तेवढं मला सांगता आलं. संध्याकाळी मेंढरं मोजली आणि कमी भरली, की हरवलंय हे कळतं, किती हरवलंय ते कळत नाही. त्या न कळलेल्याला नाव दिलं की शोधायला सोपं जातं. तो क्ष. पण एका बाजूचा आकडा दुसऱ्या बाजूला नेला की अधिकचं वजा का होतं, ते मला काही सुधरेना. सुनंदाला नाही, कमललाही नाही. गाईडात फक्त 'होतं' असं लिहिलं होतं. सुनंदा म्हणाली, मी पाठ करणार न्हाय, समजून घेणार. तिनं फळ्यावर प्रश्न टाकला: का होतं?

चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी शोभाचं आलं.

"तागडीच्या एका पारड्यात मासा आन दोन वजनं. दुसऱ्यात सात वजनं. तागडी सरळ हाय. मासा केवढा? दोन्हीकडची दोन दोन वजनं उचला. तागडी हालत न्हाय. मासा पाच. बाजू बदलत न्हाय ताई, दोन्हीकडनं उचलायचं असतं."

सुनंदानं ते तीनदा वाचलं. घरी येऊन माळ्यावरनं ज्वारीची तागडी काढली आणि एका पारड्यात वांगं ठेवून पुस्तकातली अकरा उदाहरणं दिवस मावळायच्या आत सोडवली. स्वयंपाक मी केला. वांगं सोडून.

आठवड्यानं मॅडमनी वह्या तपासल्या. दोन्ही गावांच्या सगळ्या वह्यांत उत्तर एकाच पद्धतीचं: मासा बरोबर पाच. मासा बरोबर बारा. मॅडम म्हणाल्या, उत्तरं बरोबर आहेत, पण क्ष लिहा. बोर्डाचे तपासनीस मासा मान्य करणार नाहीत.

कमलनं विचारलं, "चिलापी लिवलं तर?"

* * *

सगळंच असं गोड झालं असं समजू नका. इंग्रजीत आम्ही तोंडावर पडलो.

इंग्रजी दोन्ही गावांना सारखंच परकं. भिगवणनं लिहिलं, 'गो' म्हणजे जाणे, तर गेला म्हणजे 'गोएड'. आमच्याकडं शंका आली, पण खोडायचं तर कारण पाहिजे, आणि कारण कुणाकडंच नव्हतं. कमलचा नवरा डेअरीच्या संचालक मंडळावर, त्यामुळं मीटिंगचं लिहिणं तिच्या हाताखालनं जायचं. तिनं खाली टाकलं: सूचक शोभा, अनुमोदक कमल. बाकीच्यांनी खाली नावं घातली. सुनंदानंही घातलं.

पंधरा दिवस दोन्ही गावं गोएड, कमएड, ईटएड करत होती. मॅडम आल्या, वाचलं, आणि खुर्चीत बसल्या. त्यांनी विचारलं, आठ जणींत एकीलाही वाटलं नाही का, की हे चूक असेल?

कमल म्हणाली, "वाटलं हुतं. पण ठराव एकमतानं मंजूर झाला हुता, मॅडम."

* * *

परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. फळ्यावर सगळे विषय भरले होते. आठ जणींनी लिहिलेलं, खोडलेलं, परत लिहिलेलं. गाईडं केव्हाच मागं पडली होती. सुनंदा म्हणायची, आता फक्त हे दोनदा वाचायचं आणि बसायचं.

त्या दुपारी ती एका शब्दाची वेलांटी सुधारत होती. सुधारून तिनं जपून ठेवायचं बटण दाबलं, आणि त्याच क्षणी पुढच्या खोलीत तात्यांनी फोन उचलला. दुधाचा टँकर आला नव्हता, दूध नासायला लागलं होतं, घाईत बिचारे विसरले. मशीन जुनं पुसून नवं लिहीत असतानाच लाईन तुटली. परत जोडली तेव्हा फळा पांढरा फटक. एक अक्षर नाही.

मॅडमना फोन लावला. त्यांच्याकडं नक्कल होती, पण दिवाळीची. दिवाळीनंतरचं सगळं गेलं होतं. गणित गेलं, विज्ञान गेलं, मेंढरू गेलं.

तात्या कॅनवर डोकं धरून बसले. म्हणत होते, हिराक्का, माझ्या हातानं झालं. कमलनं त्यांना बोलायचं ठेवलं नाही. सुनंदानं मात्र वह्या पिशवीत भरायला घेतल्या, आणि मला तिची ट्रंक दिसायला लागली.

मला वाचता येत नाही. पण रोज सुनंदा लिहिताना मोठ्यानं म्हणायची, भिगवणचं आलेलं मोठ्यानं वाचायची, आणि मी कोपऱ्यात लोकर कातत असायची. हाताला काम असलं की कान मोकळे राहतात. पूर्वी दोनशे मेंढरांतली कुठली कुणाची, ते कानाच्या खुणेवरनं मला पाठ होतं. हे तर आठ बायांचं बोलणं.

मी म्हटलं, "बस. लिव."

ती म्हणाली, "काय लिवू?"

"दिवाळीनंतरचा पयला दिवस. विज्ञान. कमलनं सांगितलं हुतं. माशाला फुप्फुस नसतं, कल्ले असत्यात. हितं शोभानं खोडलं हुतं. कारण, कल्ले काय करत्यात ते लिवलं न्हवतं. पुढं शोभाचं, लिव."

सुनंदा बसली. मी सांगत गेले. कुणी काय म्हटलं, कुणी काय खोडलं, कारण काय दिलं, खाली नाव कुणाचं. घसा बसला की तात्या स्वतः ताक आणून द्यायचे. त्यांनी फोनला फडकं बांधून वर गाठ मारली होती. भिगवणला शोभा तिच्या आठवणीतलं लिहीत होती. दोघींचं जुळलं नाही तिथं दोन्ही ठेवायचं आणि पुस्तकात बघायचं. दोन ठिकाणी पुस्तक शोभाच्या बाजूनं निघालं. बाकीच्याचं मी सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही इतिहासात होतो. मी ताकाला थांबले. पेला तोंडाला लावला, आणि माझ्या लक्षात आलं, बटणांचा आवाज थांबलाच नाही.

"सुनंदे," मी म्हटलं, "मी गप हाय. तू काय लिवतीस?"

ती पडद्यावरनं नजर न काढता म्हणाली, "थांबा आत्या, पुढचं मला येतंय."

कमल म्हणाली, मला बी येतंय. मी पेला खाली ठेवला आणि लोकर उचलली. माझी नोकरी तीन दिवसांत संपली.

* * *

निकाल लागला. सुनंदा पास, कमल पास, आमच्या बाकीच्या दोघीही पास. भिगवणच्या तिघी पास. शोभा गणितात सगळ्यांत पुढं, पण इंग्रजीत गेली.

फळ्यावर तिनं एकच शब्द टाकला: "गोएड."

सुनंदाला आता त्या खोलीत जायची गरज नव्हती. ती ऑक्टोबरपर्यंत रोज गेली. इंग्रजीसाठी भारती मॅडमना आठवड्यातनं दोनदा बसवलं, आणि शोभा पास झाली तेव्हाच मशीनवरनं उठली.

* * *

बालवाडीच्या जागेला तीन अर्ज होते. बारामतीहून बालविकासच्या हापिसातल्या मोठ्या बाई आल्या. मुलाखत बालवाडीतच, आणि खिडकीला गज होते पण पडदा नव्हता, त्यामुळं अर्ध्या गावानं ती बघितली.

तिघींनाही सांगितलं, पोरांसाठी फळ्यावर एक वाक्य लिहा. सुनंदानं खडू उचलला. तिनं लिहिलं, 'आम्ही स्वच्छ पाणि पितो'.

मोठ्या बाई उठल्या. म्हणाल्या, पाणी चुकलं. त्यांनी डस्टरनं तो शब्द पुसला.

सुनंदा खाली बघत होती. तिच्या तोंडातनं सवयीनं निघून गेलं, "खोडलंत ते बराबर. खाली कारण लिवा."

खिडकीतल्या आम्ही सगळ्या गजाखाली बसलो. मी मनात म्हटलं, झालं, वर्षभराचं पाण्यात गेलं, तेही ऱ्हस्व पाण्यात. आतनं मग खडूचा आवाज आला. मी डोकं वर काढलं. मोठ्या बाईंनी लिहिलं होतं काहीतरी, कमलनं मला वाचून दाखवलं: 'शेवटचा णी दीर्घ असतो.'

लिहून त्या सुनंदाकडं वळल्या. विचारलं, "नाव पण लिहायचं का?"

सुनंदा म्हणाली, "व्हय."

* * *

त्यानंतर तीन आठवडे काही कळलं नाही. दुसऱ्या एका अर्जवालीच्या घरनं कुणीतरी बारामतीला जाऊन भेटून आलं, असं कानावर आलं. सुनंदा कामं करत राहायची. बालवाडीवरनं जायची वेळ आली की लांबच्या रस्त्यानं जायची.

एक दिवस सकाळी मी गोठ्यात होते. आबा ओट्यावर बसले होते. सायकलवरनं पोस्टमन आला, नवीनच होता, आबांना ओळखत नव्हता. त्यानं सुनंदाचं नाव वाचलं आणि विचारलं, हितंच राहतात का? बालविकासच्या हापिसातनं रजिस्टर टपाल हाय.

आबांनी विचारलं, काय असंल त्यात?

पोस्टमन म्हणाला, "न्हाय म्हणायला कोण रजिस्टर पाठवतंय, बाबा? नेमणूक असणार." त्यानं शाईची डबी काढली. "घरातलं कुणी बी चालतंय. करा हितं अंगठा."

आमच्यात सासरा सुनेशी थेट बोलत नाही. मध्ये माणूस लागतो, आणि बारा वर्षं तो माणूस मी होते. मी शेणाचे हात तसेच धरून पुढं निघाले, पण गोठ्याच्या दारातच थांबले. आबांनी दोन्ही हात पाठीमागं नेले होते आणि तोंड घराच्या दाराकडं केलं होतं.

"अवं बाई," त्यांनी हाक मारली. "टपाल आलंय तुमचं. सही पायजे."

आत भाकरीचा आवाज थांबला. बाहेर कुणी आलं नाही. पोस्टमन म्हणाला, मला पुढच्या वस्तीवर जायचंय, उरकून टाका की, अंगठ्यानं बी भागतंय.

आबांनी एक हात पुढं काढला, तो त्याच्या सायकलच्या कॅरियरवर ठेवला, आणि घट्ट धरला.

"बसा जरा," ते म्हणाले. "बाईंचं हात पिठात हायत. धुत्यात आन येत्यात."